मी यांना व्यक्तिशः ओळखतो

"डावा, काकू. डावा अंगठा," मी म्हणालो.

अनसूयाकाकूंनी उजवा पुढं केला होता. त्यांच्या पुतण्यानं, दिगंबर ऊर्फ दिगूशेठनं, तो मागं सारला, डावा हात मनगटाशी धरला आणि अंगठा शाईच्या पॅडवर दाबला. मग तो दस्ताच्या पहिल्या पानावर टेकवला, दुसऱ्या पानावर टेकवला, तिसऱ्या पानावर टेकवला. सगळं काम त्याच्या हातानं चाललं होतं, अंगठा तेवढा काकूंचा होता.

"झालं की नाही रंगा?" दिगूशेठनं विचारलं. "दोन वाजले की तुमचा साहेब खिडकी बंद करतो म्हणे."

"अजून पाऊण तास आहे," मी म्हणालो.

एकोणीसशे नव्वदच्या मार्चमधली ही गोष्ट. आमच्या तालुक्याच्या गावी दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर, लिंबाच्या झाडाखाली माझं टेबल असायचं. मी दस्तलेखक. खरेदीखत, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, जे हवं ते टाइप करून द्यायचं. लोक घरं विकत, वाटण्या करत, भावाभावांत तोंडं फिरवत, आणि मी कार्बन लावून त्याच्या तीन प्रती काढत असे. लेखणी आपली, मजकूर त्यांचा, असं मी स्वतःला बजावून ठेवलं होतं. त्यानं झोप चांगली लागते.

त्या दिवशीचा मजकूर मात्र घशाखाली उतरत नव्हता. तांबट आळीतलं वेळापुऱ्यांचं घर अनसूयाकाकू आपल्या दिराच्या मुलाला, दिगंबरला, राजीखुशीनं बक्षीस देत होत्या. त्या घराच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकून कुसुमताई राहत होती. कुसुमताई म्हणजे काकूंची सावत्र मुलगी. नवऱ्यानं टाकल्यावर परत आली होती, त्याला वीस वर्षं झाली. काका गेल्यावर काकूंचं दुखलंखुपलं तिनंच पाहिलं. दोन महिन्यांपूर्वी काकू मोरीत घसरल्या, खुबा दुखावला, तेव्हा हा दिगूशेठ सांगलीहून जीप घेऊन आला आणि उपचाराला म्हणून त्यांना घेऊन गेला. त्यानंतर कुसुमताई दोनदा सांगलीला जाऊन आली, दोन्ही वेळा तिला दारातूनच परत पाठवलं. आता काकू आल्या होत्या त्या थेट कचेरीत. कागद नोंदला गेला की आठ दिवसांत कुसुमताईची मशीन रस्त्यावर येणार, हे मला दिसत होतं. आणि कागद मी लिहिला होता.

दिगूशेठ चलन आणायला गेला. तो लांब गेल्याची काकूंनी नीट खात्री करून घेतली.

"रंगा, ह्यो कागद मागं घेता येतो का रं?"

"एकदा नोंदला की नाही, काकू."

"आन् कुसुम?"

मी कार्बन गोळा करायला लागलो. "दिगूशेठ म्हणतो, तिची सोय बघेन."

"तसं लिवलंयस का त्येच्यात?"

"नाही."

लिंबाची वाळकी पानं टेबलावर पडत होती, ती काकूंनी एकेक करून बाजूला केली.

"आत सायेब काय इचारत्यात?"

"नाव विचारतात. दस्त वाचून दाखवला का, तुम्हाला मान्य आहे का, एवढंच. हो म्हणायचं."

"आन् न्हाई म्हटलं तर?"

मी इकडंतिकडं पाहिलं. "तर आज नोंद होत नाही. पण काकू, तुम्ही राहता त्याच्याकडं. तो उद्या परत आणेल. उद्या नाही तर पुढच्या महिन्यात आणेल. तुम्ही किती वेळा नाही म्हणाल?"

"व्हय," काकू म्हणाल्या. "अन्न त्येच्या घरचं हाय. दोन दीस जेवायला न्हाई दिलं की तिसऱ्या दिशी मी व्हय म्हनंन. मला ठावं हाय माजं."

हे त्यांनी अगदी सरळ सांगितलं. त्यांनी त्याच्या घरात काय सोसलं असेल याचा अंदाज मला तेव्हा आला, आणि तरीही मी कागद फाडला नाही. भेकडपणा म्हणा. त्याला दुसरा शब्द मला आजवर सापडलेला नाही.

"घराचा जुना कागद कंच्या सालचा म्हनलास मगाशी?" त्यांनी मधेच विचारलं.

"पंचेचाळीस सालचं खरेदीखत आहे. अनसूया नरहर वेळापुरे, तुमच्याच नावचं. कुणी हरकत घेऊ शकत नाही, पक्का कागद आहे."

"पक्का हाय न्हवं?"

"एकदम."

"बरं," काकू म्हणाल्या आणि शाईनं काळा झालेला अंगठा पदराला पुसू लागल्या.

इथं ओळखदाराचं प्रकरण सांगायला हवं. तेव्हा कचेरीत ना फोटो काढत, ना कुठलं कार्ड बघत. दस्त करून देणारा माणूस तोच आहे हे सांगायला दोन माणसं लागत. ती खाली सही करत: 'आम्ही यांना व्यक्तिशः ओळखतो.' आता परगावाहून आलेल्या माणसाला तालुक्यात कोण ओळखणार? म्हणून मी आणि स्टँपवाला बंडू शिंगटे, आम्ही दोघं ओळखत असू. पाच मिनिटांपूर्वी भेटलेल्या माणसाला एका चहावर व्यक्तिशः ओळखायचं. एकदा तर एका गृहस्थाची ओळख देऊन झाल्यावर मी त्याला त्याचं नाव विचारलं होतं. साहेबांनाही हे ठाऊक होतं, पण त्यांनी तरी किती ताणायचं? कामं अडली असती.

त्या दिवशीची सही मात्र खरी असणार होती. काकूंचं घर आणि आमचं घर भिंतीला भिंत लावून. त्यांच्या हातच्या चकल्या खाऊन मी मोठा झालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी खरोखर ओळखत असलेल्या माणसाची ओळख देत होतो, आणि नेमकी तीच द्यायला हात धजत नव्हता.

आत इनामदारसाहेब बसले होते. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज कधी चढला नाही पण कुणाला त्यांच्यापुढं जादा बोलायची हिंमत होत नसे. दिगूशेठ काकूंना खुर्चीत बसवून त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

"आपण कोण?" साहेबांनी विचारलं.

"मी पुतण्या. घर माझ्या नावावर—"

"म्हणजे घेणारे. दाराशी उभे राहा. देणाऱ्याला मोकळं बसू द्या."

दिगूशेठ दाराशी गेला, पण नजर तिथंच ठेवून. बंडूनं न वाचता सही ठोकली आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडं पळाला. साहेबांनी मग माझ्याकडं पाहिलं.

"कोपर्डे, ओळखता यांना?"

"ओळखतो साहेब. लहानपणापासून. शेजार आहे आमचा."

"म्हणजे या वेळी खरं," साहेब म्हणाले. ओठ जरासे हलले. "खोट्या ओळखीला सात वर्षं तुरुंग आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे साहेब," मी हसून म्हणालो आणि सही केली. श्रीरंग वामन कोपर्डे, खाली दोन रेघा.

साहेबांनी काकूंकडं वळून पेन उचललं. "बाई, तुमचं नाव सांगा."

वर पंखा कुरकुरत फिरत होता. बाहेर कुणीतरी बंडूला हाका मारत होतं.

"बाई, घाबरू नका. नाव सांगा."

"अनसूया नरहर वेळापुरे," दिगूशेठ दारातून म्हणाला.

"तुम्हाला विचारलं नाही."

"द्वारका," काकू म्हणाल्या.

साहेबांचं पेन थांबलं. मला वाटलं, काकूंचं डोकं गेलं. दोन महिन्यांच्या जाचानं माणसाचं आणखी काय होणार?

"दस्तात अनसूया लिहिलंय," साहेब म्हणाले.

"ती मेली."

"कोण मेली?"

"अनसूया. ह्यांची पयली बायकू. घर तिचं. तिच्या बानं तिला घिऊन दिलं, त्यो तिच्या नावाचा कागद. माज्या बाकडं सायेब, लुगडं घ्यायला पैसा नव्हता, घर कुठलं घेतोय त्यो?"

"औषधांनी डोकं फिरलंय तिचं!" दिगूशेठ दोन पावलं आत आला. "साहेब, अख्खी आळी तिला अनसूया म्हणते. मीच जन्मापासून अनसूयाकाकू म्हणतो!"

"म्हनतोस की," काकू म्हणाल्या. त्यांनी मान वळवून त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "सायेब, आमच्यात लगीन झालं की नवं नाव ठिवत्यात. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं लिवतो. माज्या ताटात ह्यांनी तिचंच नाव लिवलं. सासू म्हनली, घराला अनसूयाच ऱ्हाऊ दे, कागदंबी बदलाय नगत. मी सोळा वर्सांची. मला कोन इचारतंय?" मग त्यांनी गळ्यातल्या पोतीत हात घालून एक लहानसा चांदीचा टाक बाहेर काढला. मेलेल्या सवतीच्या नावानं दुसरीच्या गळ्यात बांधतात तो. "ही ती. ही अनसूया. मी द्वारका."

टाकावरची मूर्ती झिजून सपाट झाली होती. मी तो टाक लहानपणापासून पाहत होतो. काकू दुसरेपणाच्या, हेही आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण मेलेल्या बाईला नावानं कुणी संबोधत नसे, तिचा उल्लेख फक्त 'पहिली' असा. पहिलीला नाव असेल, ते काय असेल, हा विचार माझ्या मनाला कधी शिवला नव्हता.

साहेबांनी चष्मा वर सरकवला. "कोपर्डे, दस्त तुम्ही लिहिलात. जुनी खरेदी कधीची?"

"पंचेचाळीसची."

"बाईंचं वय काय घातलंत?"

"अठ्ठावन्न."

"म्हणजे तेव्हा तेरा."

"असायच्या साहेब तेव्हा तेराच्या बायका!" दिगूशेठ म्हणाला.

खरं तर टाइप करताना मीही हाच हिशेब केला होता आणि हेच उत्तर स्वतःला दिलं होतं. तेरा वर्षांची नवरी आमच्याकडं कुणाला खटकली असती?

"लग्न कधी झालं तुमचं, बाई?"

"गांधी म्हाराज गेलं न्हवं, त्या सालच्या वैशाखात. कुसुम तवा वर्साची हुती. माज्याच मांडीवर बसून तिनं माजं लगीन बगितलं."

"तिला सकाळी काय जेवली ते आठवत नाही, आणि गांधीजी आठवतात!" दिगूशेठचा आवाज चिरकला. मग तो एकदम माझ्याकडं वळला. "रंगा, तू सांग. ही अनसूया आहे की नाही? आत्ता तू साहेबांसमोर सही केलीस. सांग!"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "सांगा, कोपर्डे."

सात वर्षं. मघाशी ज्यावर मी हसलो होतो ती सात वर्षं. घरी दोन लहान पोरं, म्हातारी आई, आणि पोटाला हे एकच टेबल. 'होय, ही अनसूया,' असं म्हटलं तर मी खोटंही बोलत नव्हतो, सारी आळी साक्षीला होती. काकू भ्रमिष्ट ठरल्या असत्या, दिगूशेठनं पुढच्या आठवड्यात डॉक्टरचा दाखला आणला असता, आणि माझी सही जिथं होती तिथं सुखानं राहिली असती. 'नाही' म्हटलं तर आत्ताच केलेली सही खोटी, हे मी माझ्या तोंडानं कबूल करत होतो.

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. विनवणी नव्हती त्या पाहण्यात. मी काय करणार हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मी काहीही केलं तरी त्या आपलं बोलणं बदलणार नव्हत्या.

"साहेब," मी म्हणालो, "मी बावन्न सालचा. त्याआधीचं मला काही ठाऊक नाही. सगळे यांना अनसूया म्हणतात, म्हणून मीही म्हणत आलो. यांचं नाव मला आत्ता पाच मिनिटांपूर्वी कळलं. ती सही चुकीची आहे."

"लेखी द्याल?"

"देतो."

दिगूशेठ मला जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. साहेबांनी ते संपू दिलं, मग दस्तावर लाल शाईनं 'नोंदणी नाकारली' असं लिहिलं आणि नाकारल्याची कारणं वेगळ्या पुस्तकात नोंदवली. काकूंचा जबाब घेतला. अंगठ्याशेजारी नाव लिहायचं काम नेहमीप्रमाणं माझ्याकडं आलं. 'द्वारका नरहर वेळापुरे यांचा डाव्या हाताचा अंगठा.' माझं अक्षर त्या दिवशी बरंच वाकडं आलं. या वेळी काकूंचं मनगट कुणी धरलेलं नव्हतं.

बाहेर दिगूशेठ जीपपाशी थांबला होता. त्यानं काकूंच्या कपड्यांची पिशवी काढून धुळीत टाकली.

"घर तुझं नाही म्हणालीस ना? मग आता माझ्याकडं यायचं नाही. जा त्या कुसुमकडं. तीही आता कशाला ठेवते बघ. घराची मालकीण झाली ती, तू कोण तिची?"

जीप गेली. काकू पिशवी उचलायला वाकल्या, पण खुबा वाकू देईना. पिशवी मी उचलली.

तांबट आळी कचेरीपासून दहा मिनिटांवर. काठी टेकत जायला आम्हाला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात माझा परवाना जातो की मी तुरुंगात जातो, याचा विचार मी शंभरदा केला असेन. प्रत्यक्षात साहेबांनी सहा महिने टेबल बंद ठेवायला लावलं आणि तेवढ्यावर सोडलं. पण ते मला पुढं कळलं. घर जवळ यायला लागलं तशी काकूंची चाल आणखी मंदावली.

"काकू, इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"कुनी इचारलं?"

"कुसुमताईनं? पहिलीचं नाव काय, असं तिनं कधीच विचारलं नाही?"

काकू थांबल्या. काठीवर दोन्ही हात ठेवून त्यांनी श्वास घेतला.

"इचारलं हुतं. सात वर्सांची आसंल. माज्या आईचं नाव काय गं, म्हनून इचारलं. मी म्हनलं, मला ठावं न्हाई." त्या पुन्हा चालू लागल्या. "तिला नाव सांगितलं आस्तं, तर मला काय म्हनून हाक मारली आस्ती तिनं? माजं पोटचं कोन न्हाई, रंगा. तिच्याबिगर मला आई म्हनाय कोन नव्हतं."

आळीत वळलो तेव्हा मशीनचा आवाज ऐकू आला. मग तो थांबला. कुसुमताईनं खिडकीतून आम्हाला पाहिलं होतं. ती धावत दारात आली, हातात अर्धं शिवलेलं पोलकं तसंच होतं. तिनं काकूंना आत घ्यायला हात पुढं केले, पण काकू पायरीखालीच उभ्या राहिल्या.

"आधी ऐक," त्या म्हणाल्या. "मग घ्यायचं तर आत घे. न्हाई तर रंगा मला कुठंतरी पोचवंल."

"असं काय बोलतेस? दोन महिने मी—"

"घर तुजं हाय, कुसुम. तुज्या आईचं हुतं. माजं कधीच नव्हतं. आज सायेबासमोर सांगून आले." त्यांनी माझ्याकडं मान वळवली. "रंगा, तू सांग."

मी सांगितलं. दस्त मी लिहिला होता हेही सांगितलं. ते सांगताना वर बघायची माझी छाती झाली नाही. कुसुमताईनं सगळं उभ्यानं ऐकून घेतलं. घराबद्दल ती काही बोलली नाही, मलाही काही बोलली नाही. ती काकूंकडं बघत राहिली. तिला खूप राग आला असावा असं मला वाटलं, आणि यायला हवाच होता.

"मी विचारलं होतं तुला," ती म्हणाली. "तू ठाऊक नाही म्हणालीस."

"व्हय."

"मग आता सांग. तुझ्या तोंडानं सांग. माझ्या आईचं नाव काय?"

गळ्यातला टाक काढून काकूंनी तिच्यापुढं धरला.

"अनसूया," त्या म्हणाल्या. "तुज्या आईचं नाव अनसूया."

कुसुमताईनं टाक घेतला. अंगठ्यानं तो चोळत ती तिथंच उभी राहिली. शेजारच्या दोन बायका दारात येऊन बघत होत्या, त्यांना काही उमगत नव्हतं.

"माझ्या लग्नपत्रिकेत तेच छापलं होतं," ती अखेर म्हणाली. "'सौ. अनसूया व श्री. नरहर यांची कन्या.' मला तेव्हा रडू आलं होतं. वाटलं, माझ्या खऱ्या आईचं नाव कुठंच नाही." तिनं पायरी उतरून काकूंच्या हातातली काठी काढून घेतली आणि त्यांचा हात आपल्या खांद्यावर ठेवला. "होतं की गं तिथं. चल, आई."